निकाल ते निरोप : दिवसांची राखीव शिल्लक

निकाल लागला की घरात पेढे येतात आणि त्याच संध्याकाळपासून धावपळ सुरू होते. सातारा-सांगली पट्ट्यातील व्यापारी कुटुंबांत आता एक तरी मुलगा वा मुलगी पुण्या-मुंबईकडे, दिल्लीकडे किंवा थेट परदेशातील विद्यापीठाकडे निघालेली असते. जूनपासून सप्टेंबरपर्यंतचे हे तीन-चार महिने विद्यार्थ्याच्या आयुष्यातील सर्वांत गजबजलेले असतात. दाखले, कर्ज, व्हिसा, खरेदी, नातेवाइकांच्या भेटी आणि या साऱ्यांसाठी भर पावसातला प्रवास. याच महिन्यांत आपल्या भागात डेंग्यू, चिकुनगुनिया, विषमज्वर यांचाही हंगाम असतो. एका बाजूला ठरलेल्या तारखा आणि दुसऱ्या बाजूला कोणत्याही दिवशी येणारा ताप, अशी ही गाठ आहे.

बँकेतील नोकरीत शैक्षणिक कर्जाची असंख्य प्रकरणे माझ्या टेबलावरून गेली. त्यांतून एक गोष्ट मनावर ठसली. पैशाची तरतूद करण्यात आपली कुटुंबे वाकबगार आहेत. दिवसांची तरतूद मात्र फार थोडी कुटुंबे करतात. कोणताही जाणता व्यापारी सगळे भांडवल मालात गुंतवत नाही, काही रक्कम अडीअडचणीसाठी बाजूला ठेवतो. विद्यार्थ्याच्या तयारीत अशीच राखीव शिल्लक दिवसांची लागते. ती नसली की एक साधा तापही संकट ठरतो आणि ती असली की मोठे आजारपणही निभावते.

साताऱ्यातील पाच दिवस

गेल्या वर्षीचे एक उदाहरण सांगतो. आमच्या नात्यातील एक मुलगी सांगलीची, घरचा हळद-बेदाण्याचा व्यवसाय. अभियांत्रिकीची पदवी घेतल्यानंतर तिला जर्मनीतील एका विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणासाठी प्रवेश मिळाला. तेथील हिवाळी सत्र ऑक्टोबरमध्ये सुरू होते, त्यामुळे ऑगस्टचा महिना व्हिसाच्या मुलाखतीचा. मुंबईची तारीख मिळाली होती. वाटेत राखीपौर्णिमेला साताऱ्याला आजोळी राहायचे आणि तेथून मामांच्या गाडीने मुंबई गाठायची, असा बेत होता.

राखीपौर्णिमेच्या दुसऱ्याच दिवशी तिला सणकून ताप भरला. डोळ्यांच्या मागे दुखणे, अंग मोडून येणे, अन्नावरची वासना गेलेली. दुसऱ्या दिवशी रक्ताची एनएस-१ तपासणी केली आणि डेंग्यूचे निदान झाले. मुंबईची तारीख तापाच्या पाचव्या दिवशी होती. चौथ्या दिवशी रात्री ताप उतरला. सर्वांना हायसे वाटले. आजोबा म्हणाले, "ताप गेला आहे. मागच्या सीटवर झोपून जाईल, संध्याकाळी परत. एवढी मोठी संधी हातची घालवायची का?" मुलगीही जायला तयार होती.

डॉक्टरांनी मात्र स्पष्ट नकार दिला. डेंग्यूमध्ये ताप उतरणे म्हणजे आजार संपणे नव्हे, हे त्यांनी सर्वांना बसवून समजावले. ताप उतरल्यानंतरचे २४ ते ४८ तास हेच सर्वांत जोखमीचे असतात. याच काळात रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरतो, रक्तदाब खाली जाऊ शकतो, प्लेटलेट घटतात. पोटात तीव्र दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून वा नाकातून रक्त येणे, विलक्षण मरगळ, लघवी कमी होणे ही धोक्याची लक्षणे. त्यांतले एकही दिसले तर रुग्णालय गाठायचे, वाट पाहायची नाही.

सांगलीहून वडील आले होते. त्यांनी सासऱ्यांचा मान राखून, पण ठामपणे सांगितले, "बाबा, तारीख पुन्हा मिळेल." आणि मुंबईची भेट रद्द केली. त्याच दुपारी मुलीच्या पोटात कळा येऊ लागल्या, प्लेटलेट झपाट्याने उतरल्या आणि तिला दाखल करून सलाइन लावावे लागले. ठरल्याप्रमाणे निघाले असते तर त्या वेळी ती खंबाटकी घाटाच्या पुढे महामार्गावर कुठेतरी असती. तीन दिवसांनी तिला घरी सोडले.

पुढची तारीख सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली मिळाली. महिन्याच्या अखेरीस व्हिसा हातात आला आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ती विमानात बसली. वर्ग सुरू व्हायला अजून काही दिवस होते.

वडिलांना 'तारीख पुन्हा मिळेल' असे का म्हणता आले?

हा धीर केवळ स्वभावाचा नव्हता. त्यामागे आधीच्या आठ महिन्यांचे काम होते. पदवीच्या शेवटच्या वर्षातच, जानेवारीत, त्यांनी कागदपत्रांना हात घातला होता. भारतीय विद्यार्थ्यांना जर्मन व्हिसासाठी लागणारे एपीएस प्रमाणपत्र वेळेत मागवले होते. कर्ज जूनमध्ये मंजूर झाले होते. एका वर्षाच्या निर्वाहासाठी विद्यार्थ्याच्या नावे जर्मनीतील 'ब्लॉक्ड अकाउंट'मध्ये ११,९०४ युरो, म्हणजे बारा लाख रुपयांच्या घरातील रक्कम, जुलैतच जमा झाली होती. ऑगस्टमध्ये फक्त मुलाखत उरली होती. म्हणून ती पुढे ढकलता आली. यातले एखादे मोठे काम ऑगस्टवर राहिले असते, तर त्या दिवशी तोच बाप आपल्या मुलीला अंगात कणकण असताना गाडीत बसवण्याचा विचार करता झाला असता.

व्यापारी कुटुंबांत कर्जाचे प्रकरण कुठे अडते, हे मी जवळून पाहिले आहे. सर्वसाधारणपणे साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही, त्यापुढे लागते. तारण म्हणून दुकान किंवा घर दाखवले जाते आणि तेथेच गाडी थांबते. मालमत्ता आजोबांच्या नावावर, आजोबा दहा वर्षांपूर्वी निवर्तलेले, वारसनोंद झालेली नाही. कधी तीन भावांची सामाईक मिळकत असते आणि त्यांतला एक भाऊ बेंगळुरूला असतो. मग मृत्युदाखला, वारसनोंद, संमतिपत्र, वकिलांचा सर्च रिपोर्ट, मूल्यांकन या प्रत्येक पायरीला आठवडे लागतात. व्यापार वाहता असूनही विवरणपत्रात उत्पन्न अगदीच तोकडे दाखवलेले असेल, तर बँक तेवढ्याच उत्पन्नाच्या आधारे कर्जाची रक्कम ठरवते. ही कामे निकालाच्या दुसऱ्या दिवशी सुरू करून चालत नाही. मूल अकरावीत गेले की मालमत्तेचे उतारे पाहून ठेवावेत.

परदेशी शिक्षणाबाबत आणखी दोन मुद्दे. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी स्वतःच्या पैशावर जाणार असाल, तर आवश्यक रक्कम खात्यात सलग २८ दिवस राहावी लागते. मध्येच एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. दिवाळीच्या खरेदीसाठी माल भरताना 'दोन दिवसांपुरते' पैसे वळवण्याची आपली सवय येथे महागात पडते. दुसरे असे की, उदारीकृत विप्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात दहा लाखांहून अधिक रक्कम बाहेर पाठवली तर बँक त्यावर स्रोतावर कर वसूल करते. परंतु मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर हा कर लागत नाही. वसूल झालेला कर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, हेही लक्षात असावे.

पाऊस आणि रस्ता

आपल्या भागात दिवसांच्या शिलकीचे आणखी एक कारण आहे, ते म्हणजे कृष्णामाई. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याने ५७ फुटांची पातळी ओलांडली. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. शहराचा मोठा भाग दिवसेंदिवस पाण्याखाली होता, पुणे-बेंगळुरू महामार्ग कोल्हापूरजवळ बंद पडला. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तीच वेळ आली. पेठेतील दुकानांबरोबर घरातील कपाटेही भिजली आणि त्यांत गुणपत्रिका, जन्मदाखले, पासपोर्ट होते. म्हणून मूळ कागद वरच्या मजल्यावर, जलरोधक पिशवीत ठेवावेत. त्यांच्या प्रती डिजीलॉकरमध्ये आणि साताऱ्या-पुण्यातील एखाद्या नातेवाइकाकडेही असाव्यात. आणि ज्याला सांगलीहून जुलै-ऑगस्टमध्ये विमान गाठायचे आहे, त्याने आदल्या दिवशी नव्हे, तर दोन-तीन दिवस आधी पुण्या-मुंबईत पोहोचावे.

१९१३ चे एक प्रस्थान

साताऱ्याच्या एका विद्यार्थ्याची आठवण येथे अगत्याने होते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलमध्ये, आजच्या छत्रपती प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भीमराव आंबेडकर यांचे नाव दाखल झाले. तो दिवस आता महाराष्ट्रात 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळला जातो. जानेवारी १९१३ मध्ये ते पदवीनंतर बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले होते. काही दिवसांतच वडील रामजी अत्यवस्थ असल्याचे कळले. नवी नोकरी बाजूला ठेवून ते मुंबईला वडिलांजवळ आले. २ फेब्रुवारीला वडील गेले. पुढे सयाजीराव महाराजांनी कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली, ४ जूनला करार झाला आणि जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात ते न्यूयॉर्कला पोहोचले. १९१५ मध्ये ते एम.ए. झाले.

घरातले आजारपण, मृत्यू, करार आणि समुद्रप्रवास हे सारे सहा महिन्यांत. त्यांच्या वाट्याला आलेल्या अडचणींशी आजच्या आपल्या मुलांची तुलना होणार नाही. पण एवढे मात्र दिसते की आधी माणसाकडे पाहिले म्हणून त्यांचे विद्यापीठ हुकले नाही.

एकट्याने आजारी पडण्याची तयारी

पूर्वी शिकायला बाहेर पडलेले मूल बोर्डिंगमध्ये राहत असे. कर्मवीर भाऊराव पाटीलही कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकले. अशा ठिकाणी मुलाला ताप आला तर निदान विचारपूस करणारे कोणी तरी असे. आज मूल परक्या शहरातील एका खोलीत एकटे असते. स्वेटर आणि लोणच्याच्या बरण्या आपण आठवणीने बांधतो. आजारी पडल्यावर काय करायचे हे मात्र शिकवत नाही.

निघण्यापूर्वी विद्यार्थ्याच्या फायलीत रक्तगट, लसीकरणाची नोंद, ॲलर्जी आणि पूर्वीच्या आजारांचे अहवाल असावेत. ज्याला एकदा डेंग्यू होऊन गेला आहे, त्याला दुसऱ्या प्रकारच्या विषाणूचा संसर्ग झाल्यास आजार अधिक तीव्र होऊ शकतो. म्हणून तो अहवाल जपून ठेवावा. औषधांच्या चिठ्ठीवर कंपनीच्या नावाऐवजी मूळ औषधाचे नाव लिहून घ्यावे, कारण आपल्याकडची नावे तेथे चालत नाहीत. तापात डॉक्टरांना न विचारता ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये, पॅरासिटॅमॉल तेवढे चालते, हे मुलांना पाठ असावे. अनेक अमेरिकी विद्यापीठांना ठरावीक लसींचा दाखला लागतो आणि काही लसींच्या दोन मात्रांमध्ये चार आठवड्यांचे अंतर ठेवावे लागते. येथेही दिवसच मोजावे लागतात. शिवाय मुलगा असो वा मुलगी, मुगाची खिचडी आणि भाताची पेज स्वतः करता आली पाहिजे.

आजारातून उठलेल्या मुलाला घरच्यांनी विश्रांती द्यावी. डेंग्यूनंतरचा थकवा दोन-तीन आठवडे, कधी त्याहून अधिक टिकतो. उल्लेख केलेल्या मुलीच्या घरी त्यानंतर लगेच पर्युषण आले. दरवर्षीप्रमाणे उपवास करण्याची तिची फार इच्छा होती. डॉक्टरांनी मनाई केली. आजीने तिला जवळ बसवून सांगितले, "यंदा तू स्वाध्याय कर. शरीर सावरू दे." सूर्यास्तापूर्वी पोटभर, ताजे जेवण आणि दिवसभर भरपूर पाणी, एवढाच तिचा त्या दिवसांचा नेम होता.

एक साधे वेळापत्रक

अखेरीस, ज्यांच्या घरी पुढील वर्षी असा प्रसंग आहे त्यांच्यासाठी. डिसेंबरपर्यंत पासपोर्ट, आणि सर्व कागदांवर नावाचे स्पेलिंग एकसारखे करून घ्यावे. मार्चपर्यंत मालमत्तेचे कागद आणि तीन वर्षांची विवरणपत्रे बँकेला दाखवून घ्यावीत. प्रवेशपत्र येताच कर्जाचा अर्ज द्यावा. लसी आणि दातांची तपासणी मे-जूनमध्ये उरकावी. नातेवाइकांच्या भेटी जुलैच्या आत संपवाव्यात. ज्यांना भेटणे जमले नाही ते आशीर्वाद फोनवरही देतात. घरात व दुकानात साठवलेले पाणी आठवड्यातून एकदा रिकामे करून भांडी कोरडी करावीत, कारण डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच वाढतो आणि दिवसा चावतो. आणि शेवटच्या तारखेच्या आधीचे पंधरा दिवस कोरे ठेवावेत. त्यांत काहीही ठरवू नये.

हे पंधरा दिवस काही कुटुंबांना वाया गेल्यासारखे वाटतील. सगळे सुरळीत पार पडले तर मूल त्या दिवसांत घरी झोपेल, आईच्या हातचे खाईल, दुकानात आजोबांच्या शेजारी बसेल. तसे झाले तर कोणाचेच नुकसान नाही. आणि ताप आलाच, तर त्याच्या उशाशी बसायला घरच्यांना सवड असेल.