तपासणी नाके आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या मर्यादा : अमेरिकेच्या राज्यघटनेतील चौथ्या दुरुस्तीच्या संदर्भात

प्रस्तावना

सामान्य नागरिकाची शासनसत्तेशी प्रत्यक्ष गाठ पडते ती बहुधा रस्त्यावर. अमेरिकेत दैनंदिन जीवन मोटारीवर अवलंबून असल्याने तेथे ही गोष्ट विशेषत्वाने खरी आहे. ज्याच्याविषयी कोणताही संशय नाही अशा वाहनचालकास पोलिसांनी नाक्यावर थांबवावे काय, थांबविल्यास कोणत्या कारणासाठी व किती वेळ, हा प्रश्न तेथील सर्वोच्च न्यायालयासमोर १९७० च्या दशकापासून वारंवार आला. त्याच्या उत्तरातून व्यक्तिस्वातंत्र्याची एक निराळी मोजपट्टी तयार झाली. नाका वैध की अवैध हे ठरविताना तेथे किती गुन्हेगार सापडले याला दुय्यम, तर तो कोणत्या हेतूने उभारला याला प्रमुख स्थान प्राप्त झाले. या मोजपट्टीचे स्वरूप व तिच्या मर्यादा यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

घटनात्मक पार्श्वभूमी

अमेरिकेच्या राज्यघटनेत १७९१ साली समाविष्ट झालेल्या हक्कांच्या सनदेतील चौथी दुरुस्ती नागरिकांना त्यांची व्यक्ती, घर, कागदपत्रे व वस्तू यांच्या गैरवाजवी झडतीपासून व जप्तीपासून संरक्षण देते. झडतीचे वॉरंट सबळ कारणाशिवाय काढता येणार नाही, तसेच झडतीची जागा आणि ताब्यात घ्यावयाची व्यक्ती वा वस्तू यांचा त्यात स्पष्ट निर्देश असला पाहिजे, असे ही दुरुस्ती सांगते. भारतीय राज्यघटनेत अशी स्वतंत्र तरतूद नाही, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ सालच्या एम. पी. शर्मा खटल्यात नमूद केले होते. अमेरिकेतील हा वाद एकाच दुरुस्तीच्या शब्दांभोवती का फिरतो, हे या फरकावरून ध्यानात येते.

या दुरुस्तीमागे वसाहतकाळातील एक कटू अनुभव होता. जकात चुकविलेला माल शोधण्यासाठी ब्रिटिश अधिकाऱ्यांना सर्वसाधारण परवाने दिले जात. कोणाच्या घरात शिरावे व काय शोधावे हे तो अधिकारीच ठरवीत असे. १७६१ साली बोस्टन येथे जेम्स ओटिस या वकिलाने या परवान्यांना न्यायालयात विरोध केला. त्याचा मुख्य आक्षेप अधिकाऱ्याच्या हाती सोपविलेल्या अनिर्बंध स्वेच्छाधिकारावर होता. नाक्यांसंबंधीच्या आधुनिक निर्णयांतही हाच आक्षेप पुनःपुन्हा डोके वर काढताना दिसतो.

मोटारीच्या आगमनानंतर या संरक्षणाची धार काहीशी बोथट झाली. वाहन काही क्षणांत दृष्टीआड होऊ शकते, म्हणून सबळ कारण असल्यास वॉरंटाशिवायही त्याची झडती घेता येते, असे न्यायालयाने १९२५ साली कॅरोल खटल्यात ठरविले. पुढे १९६८ च्या टेरी खटल्यात, सबळ कारणाहून कमी दर्जाच्या परंतु वस्तुस्थितीवर आधारलेल्या वाजवी संशयावरूनही पोलीस एखाद्यास अल्पकाळ थांबवू शकतात, असे मान्य झाले. तथापि दोन्ही निर्णयांत विशिष्ट व्यक्तीविषयी काहीतरी संशय असणे आवश्यकच होते. तपासणी नाक्याने ही अटच बाजूला सारली.

संशयाऐवजी समानता

या बदलाची सुरुवात मेक्सिकोच्या सीमेलगतच्या प्रदेशात झाली. केवळ प्रवासी मेक्सिकन वंशाचे दिसतात एवढ्यावरून फिरत्या गस्ती पथकाने वाहन थांबविणे घटनाबाह्य आहे, असा निर्णय १९७५ साली ब्रिग्नोनी-पोन्से खटल्यात लागला. परंतु पुढच्याच वर्षी, मार्टिनेझ-फुएर्ते खटल्यात, कॅलिफोर्नियातील सॅन क्लेमेंटे येथील कायमस्वरूपी नाका न्यायालयाने वैध ठरविला. हा नाका सीमेपासून ६६ मैलांवर, म्हणजे सुमारे १०६ किलोमीटर आत आहे. ठळक फलक व दिवे असलेला, वरिष्ठांनी जागा निश्चित केलेला नाका प्रवाशास अकस्मात गाठणाऱ्या गस्ती गाडीइतका भीतिदायक नसतो, असा युक्तिवाद त्यामागे होता. मात्र याच निर्णयाने, वाहनास अधिक चौकशीसाठी बाजूला घेताना प्रवाशाचे मेक्सिकन वंशाचे दिसणे हा मुख्य आधार असला तरी ते घटनाबाह्य नाही, असेही म्हटले. न्यायमूर्ती ब्रेनन व मार्शल यांनी असहमती नोंदविली.

१९७९ च्या डेलावेअर विरुद्ध प्राउज खटल्यात, परवाना तपासण्यासाठी मनास येईल ते वाहन थांबविण्याची पद्धत न्यायालयाने रद्द केली. पण सर्वच वाहनांना थांबविणारा नाका हा मार्ग खुला राहू शकतो, असेही सूचित केले. त्याच वर्षी ब्राउन विरुद्ध टेक्सास खटल्यात तीन घटकांची कसोटी मांडली गेली : सार्वजनिक हिताची निकड, अडवणुकीमुळे ते हित कितपत साधते, आणि व्यक्तिस्वातंत्र्यात होणाऱ्या हस्तक्षेपाची तीव्रता. अशा रीतीने व्यक्तीविषयीच्या संशयाची जागा सर्वांना सारख्याच वागणुकीने घेतली.

मद्यपी चालक आणि पंचवीस सेकंद

या कसोटीचा सर्वांत महत्त्वाचा वापर १९९० साली मिशिगन राज्य पोलीस विभाग विरुद्ध सिट्झ खटल्यात झाला. सॅगिनॉ परगण्यात उभारलेल्या नाक्यावरून सव्वा तासात १२६ वाहने गेली. प्रत्येक वाहनास सरासरी २५ सेकंद थांबावे लागले आणि मद्यपानाबद्दल दोघांस अटक झाली. म्हणजे प्रमाण सुमारे १.६ टक्के. सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने न्यायालयाने हा नाका वैध ठरविला. सरन्यायाधीश रेनक्विस्ट यांनी मद्यपी चालकांमुळे होणारी जीवितहानी एका पारड्यात आणि काही सेकंदांची गैरसोय दुसऱ्या पारड्यात टाकली. प्राथमिक थांबा व धावती विचारपूस यांपुरताच हा निर्णय होता. पुढील परीक्षणासाठी रोखून धरावयाचे तर त्या व्यक्तीविषयी संशय असणे आवश्यक ठरू शकते, हेही त्यात नमूद आहे.

न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांच्या भिन्नमताचा रोख वेगळा होता. रात्रीच्या वेळी अचानक समोर येणारा नाका निरपराध माणसासही अस्वस्थ करतो आणि नेहमीच्या गस्तीच्या तुलनेत त्यातून फारसे काही अधिक साधत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. येथे एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. घड्याळाने विलंब मोजता येतो. परंतु आपण काहीही केलेले नसताना आपणास जाब द्यावा लागत आहे, ही भावना कशाने मोजावयाची?

हेतूची कसोटी

सिट्झ निर्णयानंतर नाक्यांचा वापर इतर गुन्ह्यांसाठी करण्याचा मोह स्वाभाविक होता. इंडियानापोलिस शहराने १९९८ साली अमली पदार्थ शोधण्यासाठी श्वानांसह सहा वेळा नाके लावले. त्यांत १,१६१ वाहने थांबविण्यात आली व १०४ जणांस अटक झाली; पैकी ५५ अटका अमली पदार्थांशी संबंधित होत्या. एकूण यशाचे प्रमाण जवळजवळ ९ टक्के होते. तरीही २००० साली एडमंड खटल्यात न्यायालयाने हे नाके घटनाबाह्य ठरविले. न्यायमूर्ती ओकॉनर यांच्या निकालपत्रानुसार, रस्त्यावरील सुरक्षितता वा सीमेचे रक्षण यांहून सर्वसाधारण गुन्हेनियंत्रण हा हेतू भिन्न आहे. तो मान्य केल्यास अशी अडवणूक अमेरिकन जीवनाचा नित्याचा भाग बनण्यास अटकाव उरणार नाही.

सॅन क्लेमेंटे येथे १९७४ सालातील आठ दिवसांत सुमारे १,४६,००० वाहने गेली व त्यांपैकी १७१ वाहनांत बेकायदेशीर स्थलांतरित आढळले. हे प्रमाण एक टक्क्याच्या सुमारे आठव्या भागाएवढे आहे. तो नाका वैध ठरला, १.६ टक्क्यांचा सॅगिनॉचा नाका वैध ठरला आणि ९ टक्क्यांचा इंडियानापोलिसचा नाका अवैध ठरला. परिणामकारकता हा निर्णायक निकष असता, तर निकाल उलट लागले असते. अधिक गुन्हेगार सापडतात म्हणून अधिक अडवणूक करावी, हा तर्क अमर्याद असतो. ओटिसने विरोध केलेल्या परवान्यांनीही चुकविलेला माल सापडत असेच. हेतूचा निकष हा त्या तर्कास घातलेला बांध होय.

हा बांध तितकासा पक्का मात्र नाही. २००४ साली लिडस्टर खटल्यात, एका प्राणघातक अपघाताविषयी वाहनचालकांकडून माहिती मिळविण्यासाठी लावलेला नाका वैध ठरला. २००५ साली लंडनमधील बॉम्बस्फोटांनंतर न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत सुरू झालेली प्रवाशांच्या पिशव्यांची तपासणी संघीय अपील न्यायालयाने २००६ साली मान्य केली; दहशतवादास प्रतिबंध हा हेतू सर्वसाधारण गुन्हेनियंत्रणाहून वेगळा मानला गेला. याउलट, राजधानी वॉशिंग्टनच्या ट्रिनिडाड वस्तीत २००८ साली पोलिसांनी लावलेले, वस्तीत येण्याचे कारण विचारणारे नाके तेथील अपील न्यायालयास २००९ साली घटनाबाह्य वाटले. हेतू कागदावर प्रथम शासन लिहिते. न्यायालय तो नंतर तपासते. त्यामुळे हेतूच्या शब्दरचनेवर नागरिकाचा हक्क अवलंबून राहण्याचा धोका कायम असतो.

घटक राज्यांची भूमिका

संघीय राज्यघटना ही संरक्षणाची किमान पातळी ठरविते. घटक राज्यांना आपल्या घटनेनुसार अधिक संरक्षण देता येते. सिट्झ खटला परत आल्यावर मिशिगनच्याच सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली असे नाके राज्याच्या घटनेशी विसंगत ठरविले. ऱ्होड आयलंड, वॉशिंग्टन व मिनेसोटा या राज्यांच्या न्यायालयांनीही अशीच भूमिका घेतली. कॅलिफोर्नियाने १९८७ च्या इंगरसोल निर्णयात नाके मान्य केले. मात्र नाक्याचा निर्णय वरिष्ठांनी घ्यावा, वाहने ठराविक क्रमानेच थांबवावीत, जागा सुरक्षित व स्पष्ट दिसणारी असावी, पूर्वप्रसिद्धी द्यावी, अशी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. रस्त्यावरील शिपायाचा स्वेच्छाधिकार कमी करणे हे या तत्त्वांचे समान सूत्र आहे.

सीमेपासून शंभर मैल

१९५३ च्या नियमानुसार देशाच्या बाह्य सीमेपासून शंभर हवाई मैलांपर्यंतचे अंतर स्थलांतरविषयक तपासणीसाठी वाजवी मानले जाते. सागरकिनारा हीदेखील बाह्य सीमाच असल्याने न्यूयॉर्क व लॉस एंजेलिससारखी महानगरे या पट्ट्यात येतात. अर्थात या पट्ट्यात चौथी दुरुस्ती लागू नाही, हा समज चुकीचा आहे. सीमेपासून आत असलेल्या नाक्यावर वाहनाची झडती घेण्यासाठी संमती वा सबळ कारण आवश्यकच आहे, हे १९७५ साली ऑर्टिझ खटल्यात स्पष्ट झाले.

तरीही येथे समानतेचे तत्त्व सर्वाधिक ताणले जाते, कारण थांबा सर्वांना असला तरी पुढील चौकशीसाठी निवड होते ती रूपरंगावरून. २०२५ साली लॉस एंजेलिस परिसरातील फिरत्या पथकांच्या कारवाईवर एका संघीय न्यायालयाने निर्बंध घातले होते. वंश, स्पॅनिश भाषा वा इंग्रजीचे विशिष्ट उच्चार, ठिकाण आणि कामाचे स्वरूप एवढ्यावरूनच कोणास थांबवू नये, असा तो आदेश होता. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये या आदेशास अंतरिम स्थगिती दिली. तीन न्यायमूर्तींनी असहमती नोंदविली. अठरा वर्षांवरील परकीय नागरिकाने नोंदणीचा पुरावा सतत जवळ बाळगावा, असा संघीय कायदा आहे. त्यामुळे व्हिसावर तेथे राहणाऱ्या मराठी भाषकांनाही हा विषय परका नाही.

नाक्यावरील नागरिकाचे अधिकार

प्रत्यक्ष नाक्यावर नागरिकाजवळ काय उरते? थांबण्याचा इशारा पाळणे व परवाना दाखविणे चालकास बंधनकारक असते. मात्र स्वतःस गुन्ह्यात गोवणारे उत्तर न देण्याचा हक्क पाचवी दुरुस्ती देते. झडतीस संमती नाकारता येते. परंतु नकाराचा हक्क आहे हे पोलिसांनी सांगितलेच पाहिजे असे नाही, असा निर्णय १९७३ साली श्नेक्लॉथ खटल्यात झाला. मद्यपानाबद्दल अटक झाल्यावर श्वासपरीक्षण वॉरंटाशिवाय करता येते, रक्ततपासणीसाठी मात्र सर्वसाधारणतः वॉरंट लागते, हा भेद २०१६ च्या बर्चफील्ड निर्णयाने केला. रहदारीच्या कारणास्तव थांबविलेल्या वाहनास ते काम संपल्यावर, संशय नसताना, श्वानतपासणीसाठी खोळंबवून ठेवता येत नाही, हे २०१५ च्या रॉड्रिग्झ खटल्यात ठरले. या हक्कांचा उपयोग ते माहीत असलेल्यास व ते उच्चारण्याचे धैर्य असलेल्यासच होतो. अधिकाऱ्याने खिडकीत डोकावून विचारलेला प्रश्न विनंती आहे की आज्ञा, हे चालकास त्या क्षणी उमगणे कठीण असते.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, अमेरिकेतील तपासणी नाक्याने व्यक्तीच्या हक्कास समूहाच्या सोयी-गैरसोयीच्या हिशेबात आणून बसविले आहे. सर्वांना थोडे थोडे अडविल्याने कोणावरही अन्याय होत नाही, हे गृहीतक रहदारीच्या सुरक्षिततेपुरते बव्हंशी टिकते. परंतु पहिल्या थांब्यानंतर निवडीचा प्रश्न येताच ते डळमळू लागते. चौथ्या दुरुस्तीचा इतिहास लक्षात घेता नाक्याची खरी परीक्षा सेकंदांच्या मोजणीत वा अटकांच्या टक्केवारीत होत नाही. कोणास थांबवावयाचे, किती वेळ व कशासाठी, हे ठरविण्याची मोकळीक रस्त्यावरील अधिकाऱ्याच्या हाती किती उरते, यावर ती अवलंबून असते. ही मोकळीक जेथे नियमांनी बांधलेली असते तेथे सुरक्षितता व स्वातंत्र्य एकत्र नांदू शकतात. ती जेथे मोकाट सुटते तेथे नाका कितीही यशस्वी ठरला, तरी १७६१ सालच्या त्या परवान्यांचीच ती नवी आवृत्ती ठरते.