वारा कोणाचा? एका जुन्या इंग्रजी पवनचक्कीची गोष्ट

मागच्या वेळी आपण मालकी या कल्पनेपाशी थांबलो होतो. जमीन कोणाची, नदीचं पाणी कोणाचं, इथपर्यंत चर्चा झाली. आज पुढचा प्रश्न घेऊ : वारा कोणाचा? आणि हा प्रश्न नुसता हवेत राहू नये, म्हणून समोर एक पवनचक्की ठेवू.

इंग्लंडमध्ये बकिंगहॅमशर परगण्यात पिट्स्टन नावाचं गाव आहे. तिथे मोकळ्या शेतात एक लाकडी चक्की उभी आहे. तिच्या सांगाड्यातल्या एका लाकडावर १६२७ हे साल कोरलेलं आहे. ब्रिटनमधल्या कुठल्याही पवनचक्कीवर सापडलेलं हे सर्वांत जुनं साल.

ही चक्की खांबावरची आहे. म्हणजे बघा, खाली दोन जाड तुळया एकमेकींवर फुलीसारख्या आडव्या टाकलेल्या. त्यांच्या चार टोकांकडून चार तिरके टेकू वर जातात आणि मधला भक्कम खांब सरळ उभा धरतात. खांबाच्या माथ्यावर एक आडवी तुळई, आणि तिच्या आधाराने चक्कीचं अख्खं घर : पाती, दगड, धान्याची पोती, चक्कीवाला, सगळ्यांसकट. छत्रीचा दांडा स्थिर ठेवून वरची छत्री फिरवावी, तसं हे घर खांबाभोवती फिरवता येतं. मागच्या बाजूला एक लांब दांडा असतो. वाऱ्याने दिशा बदलली की चक्कीवाला त्या दांड्याला जोर लावून सगळं घर वाऱ्याच्या तोंडाकडे वळवतो.

पात्यांच्या चौकटींवर कापड पसरायचं. पाती फिरली की त्यांच्या आसावरचं मोठं दातेरी चाक फिरतं, ते दुसऱ्या लहान चाकाला फिरवतं आणि त्यातून दगडाला गती मिळते. पुढचं आपल्या जात्यासारखंच : खालची तळी स्थिर, वरची फिरती, आणि दगड गुळगुळीत झाले की पुन्हा टाकी लावायची. वारा मागून आला तर मात्र धोका. चक्की पुढून येणारा जोर सोसण्यासाठी बांधलेली असते, मागून येणारा नव्हे.

आता या रचनेत आपला प्रश्न कुठे येतो? पाणचक्कीला ओढा लागतो, बांध लागतो, आणि ओढ्याचा काठ बहुधा जमीनदाराचा किंवा मठाचा. रयतेने त्यांच्याच चक्कीवर दळायचं आणि दळणाचा वाटा तिथे द्यायचा, असा नियम. खांबावरच्या चक्कीला यातलं काही लागत नाही. थोडीशी उंच, मोकळी जागा मिळाली की झालं. वारा तर सगळ्यांच्याच शेतावरून जातो.

बाराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात पवनचक्क्या नव्या होत्या. यॉर्कशरमधल्या वीडलीच्या चक्कीचं भाडं ११८५ साली वर्षाला आठ शिलिंग असल्याची नोंद आहे. नंतर थोड्याच वर्षांत, ११९१ मध्ये, बरी सेंट एडमंड्स इथे हर्बर्ट नावाच्या धर्माधिकाऱ्याने स्वतःची पवनचक्की उभारली. मठाधिपती सॅमसन संतापले. त्याच मठातल्या जोसलिन या संन्याशाने ही हकीकत लिहून ठेवली आहे. हर्बर्टचं म्हणणं, वाऱ्याचा फायदा कोणालाही नाकारता येत नाही. शिवाय मी माझंच धान्य दळणार आहे. सॅमसन यांचं म्हणणं, उद्या सगळं गाव तुझ्याकडे येईल आणि माझ्या चक्क्या ओस पडतील. शेवटी घाबरून हर्बर्टने स्वतःच चक्की मोडून टाकली. मठाची माणसं पाडायला आली, तेव्हा पाडायला काही उरलंच नव्हतं.

आम्ही वर्गात विचारायचो, यात बरोबर कोण? मुलं एका आवाजात म्हणायची, हर्बर्ट. पण नीट पाहा. सॅमसन यांनी वाऱ्यावर हक्क सांगितलाच नाही. त्यांनी हक्क सांगितला तो पिठावर. वारा फुकट असतो. लाकूड, दगड, कसब आणि लोकांचं दळण फुकट नसतं. तेव्हा ‘वारा कोणाचा’ हा प्रश्न ऐकायला छान, पण खरा प्रश्न वेगळा आहे : चक्की उभारायला कोणाला मुभा आहे, आणि तिथे कोणाला दळता येतं?

पिट्स्टनची चक्की अनेक मालकांकडे गेली. १९०२ च्या वादळात ती इतकी मोडली की दुरुस्ती परवडेना. १९३७ मध्ये तेव्हाच्या मालक शेतकऱ्याने ती नॅशनल ट्रस्टला दान केली. १९६३ पासून स्वयंसेवकांनी स्वतःच्या खर्चाने तिची डागडुजी सुरू केली, आणि १९७० मध्ये, ६८ वर्षांनी, तिने पुन्हा धान्य दळलं. आज तिच्या पिठावर कोणाचं पोट अवलंबून नाही, म्हणून भांडणही नाही. पण जिथे पोटाचा प्रश्न असतो, तिथे हर्बर्ट आणि सॅमसन पुन्हा समोरासमोर येतात. पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करू.