दरमहा दहा गिऱ्हाइके

चांगली नोकरी सोडून, स्वतः लिहिलेले सॉफ्टवेअर इंटरनेटवरून विकण्याचा संकल्प घरातील मुलाने सोडला, की वडीलधारी मंडळी सहा महिने कशीबशी गप्प राहतात आणि सातव्या महिन्यात ‘पुन्हा कुठे अर्ज केलास का?’ असे विचारू लागतात. त्यांची काळजी अनाठायी म्हणता येणार नाही. मात्र सहा महिन्यांच्या गल्ल्यावरून या धंद्याची परीक्षा होत नाही, आणि याचे कारण साध्या अंकगणितात आहे.

असे सॉफ्टवेअर बहुधा मासिक वर्गणीवर चालते. समजा, वर्गणी ५०० रुपये आहे, दरमहा १० नवी गिऱ्हाइके मिळतात आणि असलेल्यांपैकी शेकडा ३ दरमहा सोडून जातात. पहिल्या महिन्याची आवक अवघी ५ हजार. वर्षअखेर सुमारे १०० गिऱ्हाइके, म्हणजे महिना ५० हजार. तिसऱ्या वर्षअखेर २२० च्या आसपास. इथवर धीराचे फळ दिसते. परंतु संख्या ३३० च्या घरात गेली, की जितकी येतात तितकीच जातात आणि धंदा जागच्या जागी खिळतो. मग आणखी दहा वर्षे धीर धरला तरी तो तसूभर वाढणार नाही. गळती शेकडा दीडवर आणली, तर तीच मर्यादा दुप्पट होते. सोडून जाणाऱ्याला कारण विचारणे, अडलेल्याच्या शंकेला त्याच दिवशी उत्तर देणे, असल्या कंटाळवाण्या कामांतच ही वर्षे खर्ची पडायला हवीत. नुसते हातावर हात ठेवून बसणे यालाही कित्येक जण धीर म्हणतात, ती गोष्ट वेगळी.

अमेरिकेतील अटलांटा शहरात बेन चेस्टनट आणि डॅन कुर्झिअस हे दोघे वेबसाइट तयार करून देण्याचा व्यवसाय करीत. ई-मेलने बातमीपत्रे धाडण्याची ‘मेलचिंप’ ही सेवा त्यांनी २००१ मध्ये जोडधंदा म्हणून सुरू केली, तीही शुभेच्छापत्रांच्या एका फसलेल्या सॉफ्टवेअरचे अवशेष वापरून. मूळ व्यवसाय आवरून या कामाला पूर्ण वाहून घ्यायला २००७ साल उजाडले. बाहेरच्या गुंतवणूकदारांचे भांडवल त्यांनी घेतले नाही. २०२१ मध्ये ‘इन्ट्यूट’ने ही कंपनी सुमारे १२ अब्ज डॉलरना विकत घेतली. या आकड्याने डोळे दिपतात, आणि दिपलेल्या डोळ्यांना मधली सहा वर्षे दिसत नाहीत. (कंपनीचे भाग कर्मचाऱ्यांना दिलेले नव्हते, हेही जाता जाता नमूद करायला हवे; धीर त्यांनीही धरला होता.)

ही सहा वर्षे दोघांच्या घरची चूल वेबसाइटच्या मेहनतान्यावर पेटत होती, हा या कथेतला कळीचा मुद्दा होय. शिकागोच्या ‘थर्टीसेव्हन सिग्नल्स’नेही वेबसाइटची कामे करता करताच २००४ मध्ये ‘बेसकॅम्प’ बाजारात आणले. फार लांब जायला नको. पुण्यात कैलास काटकर यांचे कॅल्क्युलेटर दुरुस्तीचे दुकान होते. पुढे ते संगणक दुरुस्त करू लागले, आणि धाकटे बंधू संजय यांनी १९९० नंतरच्या दशकात विषाणुप्रतिबंधक सॉफ्टवेअर लिहिले. त्यातून उभी राहिलेली ‘क्विक हील’ २०१६ मध्ये शेअरबाजारात आली.

धीर हा सद्‌गुण मानला जातो खरा. पण त्याला दरमहा खर्च येतो, आणि तो कोणी तरी सोसावा लागतो. वडिलांच्या निवृत्तिवेतनावर किंवा पत्नीच्या पगारावर तो परस्पर टाकला जात असेल, तर घरात आधी मोकळेपणाने बोलणे झालेले बरे. पुष्कळांना नोकरी सांभाळून संध्याकाळी हे काम करण्याचा मार्गच अधिक सुरक्षित ठरेल. त्यातही एक अडचण आहे. अनेक कंपन्यांच्या करारपत्रांत जोडधंद्याला मनाई असते. काहींत तर नोकरीत असताना लिहिलेल्या सॉफ्टवेअरवर कंपनीचा हक्क सांगणारे कलमही असते. नेमणुकीच्या आनंदात सही करताना ते किती जण वाचतात?