तसबीर पदाची कीं माणसाची ?

संस्थेच्या अध्यक्षाचें तैलचित्र दिवाणखान्यांत लागावें, हा आपल्या नगरांतील शिष्टाचारच होऊन बसला आहे. परंतु चित्रकारास सांगितलें जातें तें काय ? पोषाख उंची दाखवा, हातांत ग्रंथ द्या, सुरकुत्या पुसा ! अशानें खुर्चीचें चित्र निघतें, माणसाचें निघत नाहीं.

याच पुण्याचा जुना दाखला घ्या. आमची पेठ ज्यांच्या नांवानें वसली, त्या नारायणराव पेशव्यांचे पुत्र सवाई माधवराव व नाना फडणवीस यांचें चित्र जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकारानें १७९२ सालीं काढलें. तें लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रहीं आहे. रत्नें तरुण पेशव्यांच्या अंगावर. कारभाऱ्याचा वेष साधा, शुभ्र. तथापि नानांचा कृश, गंभीर चेहरा पाहतांच दौलतीच्या किल्ल्या कोणाजवळ होत्या, हें निराळें सांगावें लागत नाहीं.

पुढें गोपाळ देऊसकरांनीं पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरासाठीं, जें १९६८ सालीं उघडलें, बालगंधर्वांचीं दोन चित्रें रंगविलीं : एक पुरुषवेषांतील, एक स्त्रीभूमिकेंतील. पेशा आणि पिंड हीं दोन्ही त्यांत शेजारीं उभीं राहिलीं.

म्हणून विश्वस्तांस व व्यापारी बंधूंस आमची विनंति आहे. सोनेरी चौकटीवरील खर्च कमी करा आणि चित्रकारास पुरेशा बैठकी द्या. त्याही ती व्यक्ति हयात असतांनाच. तसबीर ही पुढील पिढीपुढें दिलेली साक्ष होय. खुशामतीसाठीं ती खोटी देऊं नये.