संकराची काठी : रविवारच्या गोल्फ-खेळाडूसाठीं

बुलढाणा जिल्ह्यांत ‘हायब्रीड’ हा शब्द कानीं पडला कीं कोणाच्याहि डोळ्यांपुढें प्रथम ज्वारीच येते. १९६४ सालीं ‘सी. एस. एच. १’ हें संकरित बियाणें आलें आणि पुढें अशा ज्वारीचें नांवच ‘हायब्रीड’ पडलें. या जिल्ह्यांतून नोकरी-व्यवसायानिमित्त पुण्या-मुंबईस गेलेला एखादा गृहस्थ रविवारीं सकाळीं येरवड्याच्या अथवा चेंबूरच्या मैदानावर गोल्फ खेळावयास गेला, तर तेथेंहि त्याला हाच शब्द भेटतो. मात्र येथें संकर झालेला असतो तो दोन जातींच्या काठ्यांचा.

गोल्फमध्यें लांब टोल्याच्या काठीस ‘वुड’ म्हणतात. तिचें डोकें आज धातूचें व पोकळ असतें, तरी जुनें नांव चिकटून राहिलें आहे. दुसरी जात ‘आयर्न’ची, म्हणजे पातळ पात्याच्या लोखंडी काठीची. हिचा क्रमांक जितका लहान, तितका दांडा लांब व पातें उभें. तीन नंबरच्या पात्याचा कल अवघा वीस अंशांच्या आसपास असतो. एवढ्याशा कलानें चेंडू जमिनीवरून उंच उचलावयाचा, तर काठीला मोठा वेग लागतो आणि नेम पात्याच्या मध्यावरच बसावा लागतो. धंदेवाईक खेळाडूला हें नित्याच्या सरावानें साधतें. सहा दिवस कचेरींत बसणाऱ्यास तें कोठून साधावें? त्याचा चेंडू गवतावरून सरपटत जातो, आणि तो मात्र दोष आपल्या मनगटास देतो.

हायब्रीडच्या डोक्याचा तळ रुंद असतो, आणि वजन पात्यापासून मागें व खालीं ठेवलेलें असतें. त्यामुळें तेवढ्याच कलानें चेंडू अधिक उंच जातो व टोला थोडा चुकला तरी फारसा तोटा होत नाहीं. दांडा वुडपेक्षां आंखूड, म्हणून काठी ताब्यांत राहते. पावसाळ्यांत गवत माजलें कीं तें लोखंडी काठीच्या मानेस गुंडाळतें व पातें फिरवतें. हायब्रीडचा गोलसर तळ त्यांतून घसरत निघून जातो.

ही नवशिक्याची कुबडी आहे, असा एक समज आढळतो. तो निराधार आहे. २००४ सालीं रॉयल ट्रूनच्या मैदानावर टॉड हॅमिल्टननें ब्रिटिश ओपन जिंकली, ती अखेरच्या छिद्राजवळ हायब्रीडनेंच चेंडू हलकेच लोटून. २००९ सालीं अमेरिकेंतील हेझलटाइन येथें कोरियाच्या यांग याँग-यूननें शेवटच्या छिद्रावर सुमारें दोनशें यार्डांवरून हायब्रीडनें चेंडू हिरवळीवर टाकला आणि टायगर वुड्सला मागें सारलें.

परंतु काठी घेतली म्हणजे काम झालें असें नव्हे. वुडसारखी दिसते म्हणून पुष्कळजण तिनें झाडू मारल्यासारखा टोला मारतात, आणि चेंडूचा केवळ माथा खरवडला जातो. ती लोखंडी काठीप्रमाणेंच, किंचित् वरून खालीं, आधीं चेंडूस व मग जमिनीस लागली पाहिजे. उजव्या हाताच्या खेळाडूनें चेंडू पायांच्या मध्यापासून थोडा डावीकडे ठेवावा. तरीहि कित्येकांचा चेंडू या काठीनें डावीकडे झुकतो. तेव्हां नेम धरतांना तेवढी सवलत ठेवावी. आषाढांतल्या समोरच्या वाऱ्यांत मात्र उंच जाणारा चेंडू अडतो. ज्याला लांब लोखंडी काठी खरोखरच येते त्यानें त्या दिवशीं ती काढावी.

खरेदी करतांना क्रमांकावर विसंबूं नये. एका कारखान्याची तीन नंबरची काठी दुसऱ्याच्या चार नंबरएवढी निघूं शकते. कल अंशांत विचारावा. पिशवींत चौदांहून अधिक काठ्या नेण्यास मनाई आहे. हा नियम अमेरिकेंत १९३८ सालीं व सेंट अँड्र्यूजच्या संस्थेनें १९३९ सालीं केला. म्हणून अठरा अंशांच्या वुडशेजारीं एकोणीस अंशांची हायब्रीड ठेवणें म्हणजे एक जागा फुकट घालविणें होय. तीन व चार नंबरच्या लोखंडी काठ्या घरीं ठेवून त्यांच्या जागीं दोन हायब्रीड घ्याव्या आणि दोहोंच्या कलांत तीन-चार अंशांचें अंतर राखावें.