कापूर, भट्टी आणि गाइड

कापूर जळला की मागे काही उरत नाही, असं आपण आरतीच्या ताटाकडे पाहून म्हणतो. रसायनशास्त्राचा माणूस मात्र वर धरलेल्या काजळीकडे बघतो. कापराच्या एका रेणूत कार्बनचे दहा, हायड्रोजनचे सोळा आणि ऑक्सिजनचा एक अणू. हवा कमी पडली की कार्बन पुरता जळत नाही, काजळी होऊन सुटतो. मुंबईच्या आयआयटीत प्रा. महेश्वर शेरॉन यांचा गट याच कार्बनच्या मागे लागला होता. कापरापासून फुलरीन, म्हणजे कार्बन अणूंचे पोकळ गोळे, बनवल्याचा मुखोपाध्याय, कृष्णा आणि शेरॉन यांचा निबंध १९९४ साली 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये आला. फुलरीनच्या शोधाला नोबेल मिळालं ते त्यानंतर, १९९६ साली.

आयआयटीतून निवृत्त झाल्यावर शेरॉन यांचं नाव सोलापूरशी जोडलं गेलं. अशोक चौकातल्या वालचंद कला व शास्त्र महाविद्यालयात नॅनोतंत्रज्ञान आणि जैव-नॅनोतंत्रज्ञानाचं संशोधन केंद्र उभं राहिलं. महेश्वर आणि माधुरी शेरॉन या दोघांच्याही लेखनाखाली त्याचा पत्ता दिसतो. ग्राफीनची मूलतत्त्वं आणि औद्योगिक उपयोग सांगणारं या दोघांचं इंग्रजी पुस्तक २०१५ साली निघालं.

ग्राफीन म्हणजे ग्राफाइटचा एकच थर, षटकोनांत बांधलेला, एका अणूइतका जाड. दोन थरांतलं अंतर सुमारे ०.३३५ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरभर ग्राफाइटमध्ये असे तीसएक लाख थर बसतात. मँचेस्टरमध्ये गाइम आणि नोवोसेलोव्ह यांनी चिकटपट्टीने ते सोलून काढले. त्यांचा निबंध २००४ चा, नोबेल २०१० चं. हा थर अंगावर पडणाऱ्या प्रकाशापैकी जेमतेम २.३ टक्के शोषतो, विजेला वाट देतो, आणि एका ग्रॅमचा पृष्ठभाग हिशेबाने २,६३० चौरस मीटर भरतो. बॅटरी, सेन्सर, पाणी गाळायची पटलं यांवर काम करणाऱ्यांचा डोळा त्याच्यावर आहे तो यामुळे.

पण सोलून काढलेल्या तुकड्यांवर कारखाना चालत नाही. थर वाढवावा लागतो. इथे कापूर पुन्हा येतो. शेरॉन यांच्या गटाने जपानच्या उमेनो यांच्यासोबत कापरी कार्बनच्या सौरघटांवर काम केलं होतं. त्याच उमेनोंसोबत प्रकाश आणि सविता सोमाणी यांनी २००६ साली कापरापासून निकेलवर ग्राफीनचे थर वाढवले. मांडणी साधी आहे. क्वार्ट्झच्या नळीत एका बाजूला कापूर, दुसऱ्या बाजूला निकेलचा पत्रा, आतून आरगॉन वायू. कापूर १८० अंशांवर उडवायचा आणि ७०० ते ८५० अंशांवर त्याचा रेणू फोडायचा. तापलेलं निकेल कार्बन पोटात घेतं आणि थंड होताना पृष्ठभागावर सोडतं. किती सोडेल यावर ताबा ठेवणं कठीण. सोमाणींना एकावर एक सुमारे ३५ थर मिळाले. तांब्यात कार्बन जवळपास विरघळतच नाही, त्यामुळे पृष्ठभाग झाकला गेला की वाढ आपसूक थांबते. तांब्यावर बहुतांशी एकेरी थराचे मोठे पापुद्रे टेक्सासच्या गटाने २००९ साली दाखवले.

आज दहापेक्षा जास्त थर असले तर त्याला ग्राफीन म्हणत नाहीत. तरी वायूपासून ग्राफीन वाढवण्याच्या पद्धतीचा इतिहास त्या ३५ थरांपासून सांगतात. संशोधनात येणाऱ्या मुलाने यातून एक गोष्ट शिकावी : नमुन्याला काय म्हणायचं हे आपल्या हौसेने ठरत नाही. रामन वर्णपटात, म्हणजे नमुन्यावरून विखुरलेल्या लेझर प्रकाशाच्या आलेखात, १५८० प्रति सेंटिमीटरच्या आसपास एक शिखर, २७०० च्या आसपास दुसरं. त्यांची उंची आणि रुंदी थरांचा अंदाज देते. १३५० जवळचं शिखर दोष दाखवतं. नमुन्यावरचा एकच चांगला ठिपका मोजून आलेख छापता येतो. दहा ठिकाणी मोजायला लावणारा गाइड भेटला तर सहा महिने जास्त जातात, पण पुढे कुठल्याही प्रयोगशाळेत मान खाली घालावी लागत नाही.

असा गाइड मिळणं हाच जिल्ह्यातल्या मुलाचा खरा प्रश्न. नेट-जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० मिळतात. ती नसेल तर घर चालवून पीएचडी करायची. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार एका वेळी प्राध्यापकाकडे आठ, सहयोगीकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चारच विद्यार्थी. जागा अशा मोजक्या. सोलापूरची महाविद्यालयं २००४ पर्यंत कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली. स्वतःचं विद्यापीठ झालं तेव्हा एक फेरा वाचला. तरी मोठ्या उपकरणासाठी पुणे-मुंबई गाठावीच लागते.

म्हणून आयुष्यभर कार्बन हाताळलेला माणूस निवृत्तीनंतर जिल्ह्याच्या महाविद्यालयात येतो, याला मोल आहे. नळीची भट्टी विकत घेता येते, रामनसाठी नमुना कुरिअरने पाठवता येतो. आलेला आलेख पाहून 'हे अजून ग्राफीन नाही, पुन्हा कर' असं सांगणारा माणूस मात्र रोज त्याच इमारतीत हवा. केंद्रं मंजूर करताना यंत्रांची यादी तपासली जाते. त्याआधी या माणसाचं नाव विचारलं पाहिजे.