गाडीत झोपा, पण इंजिन बंद करून

लग्नसराई आणि उन्हाळ्याची सुटी सुरू झाली की दवाखान्यात एका ठरावीक प्रकारचे रुग्ण येऊ लागतात. कोणाची मान आखडलेली असते, कोणाच्या पावलांना सूज असते, कोणाचे डोके दोन दिवस ठणकत असते. चौकशी केली की कळते, मंडळी रात्रभर गाडीने प्रवास करून आलेली आहेत. घरोघरी चारचाकी आली, रस्तेही पूर्वीपेक्षा बरे झाले. त्यामुळे "रात्री जेवून निघू, पहाटे देवाच्या दारात पोचू, लॉजचा खर्चही वाचेल" असा बेत सर्रास ठरतो. तुळजापूर असो, शिर्डी असो की गणपतीपुळे. या हिशेबात सगळे धरलेले असते, फक्त गाडी चालवणाऱ्याची झोप धरलेली नसते.

आपल्या शरीरात एक घड्याळ असते. रात्री दोन ते पहाटे सहा आणि दुपारी दोन ते चार या वेळांत ते आपल्याला झोपेकडे ओढते. दिवसभर दुकान किंवा कचेरी सांभाळून, रात्रीचे जेवण करून जो गाडी हाती घेतो, तो पहाटे दोनला सुमारे २० तास जागा असतो. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ साली असे दाखवले की, सलग १७ तास जागलेल्या माणसाची चलाखी १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्यार्क असलेल्या माणसाइतकी कमी झालेली असते. आपल्या कायद्याने चालकासाठी घातलेली मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. म्हणजे दारूच्या थेंबालाही न शिवलेला सज्जन गृहस्थ पहाटे मद्यप्याच्या अवस्थेत गाडी हाकत असतो आणि मागे बायकामुले निर्धास्त झोपलेली असतात.

डुलकी लागते तेव्हा ती सांगून येत नाही. डोळे उघडे असतानाही मेंदू तीन-चार सेकंद झोपी जाऊ शकतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी चार सेकंदांत सुमारे ९० मीटर पुढे गेलेली असते, तीही कोणी न चालवता. वारंवार जांभया येणे, डोळे चुरचुरणे, मागे गेलेले गाव आठवेनासे होणे, गाडी कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर जाणे, वळण चुकणे ही धोक्याची लक्षणे आहेत. यावर काच खाली करणे, मोठ्याने गाणी लावणे, तोंडात तंबाखूचा बार भरणे असे उपाय लोक करतात. त्यांनी चार-पाच मिनिटे बरे वाटते, पुढे काही नाही. झोपेवर औषध एकच, ते म्हणजे झोप. "आता दोन तासच राहिलेत, घरी जाऊनच झोपू" या वाक्याने फार घरे उद्ध्वस्त केली आहेत.

म्हणून पेंग येऊ लागताच गाडी थांबवून तिच्यातच झोप काढणे यात कमीपणा काही नाही. मात्र हमरस्त्याच्या कडेला, मालमोटारींच्या रांगेत गाडी लावून झोपू नये. मागून येणाऱ्या चालकालाही डुलकी लागलेली असू शकते. पेट्रोलपंपाचे आवार, उजेडाचा धाबा किंवा महामार्गावरील विश्रांतीचे ठिकाण गाठावे. पंपावरच्या माणसाला सांगून ठेवावे. दारे आतून लावून घ्यावीत.

दुपारची डुलकी असेल तर १५ ते २० मिनिटे पुरतात. त्याआधी कपभर कॉफी किंवा कडक चहा घ्यावा. चहा पिऊन झोप कशी येणार, असे पुष्कळजण विचारतात. चहाकॉफीतले कॅफिन अंगी लागायला अर्धा तास जातो, तेवढ्यात डुलकी आटोपते आणि जाग येते तेव्हा दोन्हींचा फायदा एकदम मिळतो. अर्ध्या तासाहून जास्त झोप लागली तर उठल्यावर डोके जड वाटते. अशा वेळी खाली उतरून, तोंड धुऊन, पंधरा-वीस मिनिटे फिरल्यावरच स्टिअरिंग हाती घ्यावे. मध्यरात्रीनंतर मात्र वीस मिनिटांवर भागत नाही. चांगली दोन-तीन तासांची झोप काढावी, नाहीतर उजाडेपर्यंत मुक्काम करावा.

आता मुख्य मुद्दा. गरमी होते म्हणून काचा बंद, इंजिन चालू आणि एसी चालू ठेवून झोपण्याची सवय अलीकडे वाढली आहे. ही सवय जीवघेणी ठरू शकते. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटीहून अधिक जोराने चिकटतो, त्यामुळे श्वास चालू असूनही मेंदूला आणि हृदयाला प्राणवायू पोचत नाही. धावत्या गाडीत धूर मागे उडून जातो. उभ्या गाडीत तो खाली साचतो. सायलेन्सरला चीर पडलेली असेल, त्याचे तोंड चिखलात, गवतात किंवा भिंतीला टेकलेले असेल, तर तो गाडीच्या तळातील फटींतून आत येतो. "आतलीच हवा फिरवतो तो खटका दाबलाय, मग बाहेरचे काही येत नाही" हा समज खोटा आहे, कारण त्या खटक्याने या फटी बुजत नाहीत. बंद गॅरेजमध्ये तर इंजिन पाच मिनिटेही चालू ठेवू नये.

काही वर्षांपूर्वी एक कुटुंब सकाळीच दवाखान्यात आले. तिघांचे डोके भणभणत होते, मळमळ होती, मुलीला दोन उलट्या झाल्या होत्या. "डॉक्टर, धाब्यावरचं जेवण बाधलं," असे त्यांचे म्हणणे. जुलाब कोणालाच नव्हते, तापही नव्हता. जेवण चौघांनी केले होते आणि चौथा, त्यांचा पुतण्या, ठणठणीत होता. तो गाडीत जागा नाही म्हणून बाहेर बाजेवर झोपला होता. बाकीचे एसी लावून आत. तिघांनाही जिल्ह्याच्या गावी पाठवून प्राणवायू लावला, आणि ते बरे झाले. पुढे मेकॅनिकला सायलेन्सरच्या जोडाजवळ भोक सापडले. पहाटे मुलीला उलटी झाली म्हणून सगळे जागे झाले. ती झोपून राहिली असती तर पुढचे लिहायला नको.

डोकेदुखी, चक्कर, मळमळ आणि गळाठा, तेही एका गाडीतील अनेकांना एकाच वेळी, असे झाले की या वायूचा संशय घ्यावा. दारे सताड उघडून सर्वांना मोकळ्या हवेत आणावे, इंजिन बंद करावे आणि १०८ ला फोन करावा. रुग्णालयात "एसी चालू ठेवून झोपलो होतो" हे आवर्जून सांगावे. करोनानंतर बोटाला लावायचे प्राणवायू मोजण्याचे यंत्र पुष्कळ घरांत आले आहे. त्यावर या विषबाधेत विसंबू नये. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले रक्त आणि प्राणवायू चिकटलेले रक्त यांतला फरक त्या यंत्राला कळत नाही, ते खुशाल ९८ दाखवते. साध्या हवेत रक्तातील हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध प्राणवायू दिल्यास तास-दीड तासात हे काम होते. घरीच पडून राहू नये ते यासाठी. गरोदर बाईच्या बाबतीत तर अजिबात नाही, कारण पोटातल्या बाळाला जास्त इजा होते.

तेव्हा झोपताना इंजिन बंद, किल्ली काढलेली आणि समोरासमोरच्या दोन काचा दोन-दोन बोटे खाली, एवढे कटाक्षाने पाळावे. शेजारी इंजिन चालू असलेला ट्रक उभा असेल तर गाडी दुसरीकडे घ्यावी. डासांसाठी काचेच्या फटीवर मच्छरदाणीचा कपडा लावावा. गाडीत डासांची अगरबत्ती मात्र लावू नये. तिच्या धुरातही हाच वायू असतो, शिवाय आग लागण्याची भीती निराळी. वैशाखात अशाने झोप येणार नाही, हे खरे. मग धाब्याची बाज घ्यावी किंवा खोली करावी. लॉजचे भाडे रुग्णालयाच्या बिलापुढे काहीच नाही.

याच्या उलट चूक दिवसा होते. मूल गाडीत झोपले आहे, उठवायला नको, म्हणून आईवडील "पाच मिनिटांत येतो" सांगून खरेदीला उतरतात. उन्हात उभ्या गाडीतील हवा दहा मिनिटांत सुमारे दहा अंशांनी तापते, काच थोडी उघडी ठेवूनही फारसा फरक पडत नाही, आणि लहान मुलाचे अंग मोठ्यांपेक्षा फार लवकर तापते. मूल रडले तरी चालेल, पण त्याला कडेवर घेऊनच उतरावे.

झोपण्याच्या पद्धतीबद्दल थोडक्यात. चालकाने शेजारच्या सीटवर यावे, तिथे स्टिअरिंग आड येत नाही. पाठ शक्य तितकी मागे टाकावी, मानेखाली टॉवेलची गुंडाळी घ्यावी, पायांखाली बॅग ठेवून ते उंच करावेत. गाडी चालू असताना मात्र सीट आडवी करून झोपू नये. धक्का बसला तर पट्टा पोटावर सरकतो आणि आतल्या अवयवांना इजा होते. पाय लोंबते ठेवून तासन्‌तास बसल्याने पोटरीच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. नुकतेच ऑपरेशन किंवा बाळंतपण झालेल्यांनी, कर्करोगाच्या रुग्णांनी आणि पूर्वी गुठळी झालेल्यांनी दर दोन तासांनी उतरून चालावे. प्रवासानंतर एकच पोटरी सुजली, दुखू लागली किंवा दम लागू लागला तर मलम चोळत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांनी आणि गाडी लागू नये म्हणून घेतात त्या गोळ्यांनी गुंगी येते. प्रवाशांनी त्या खुशाल घ्याव्यात, चालकाने घेऊ नयेत. इन्शुलिन घेणाऱ्या किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या चालकाला रात्री जेवण लांबले तर घाम, थरथर आणि ग्लानी येते. ती झोप आहे की साखर उतरली आहे हे त्याचे त्यालाही कळत नाही. अशा वेळी गाडी थांबवून आधी साखर तपासावी, यंत्र नसेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्यावी, वर बिस्किटे खावीत आणि पूर्ण बरे वाटल्यावरही पाऊण तास गाडी चालवू नये. साखरेची पुडी डिकीतल्या सामानात न ठेवता खिशातच ठेवावी.